शून्य कुठे मानायचे?

नववीच्या वर्गात निर्देशक भूमितीचा पहिला तास आठवून पाहा. शिक्षक फळ्यावर एक आडवी रेघ ओढतात, एक उभी रेघ ओढतात, दोन्ही रेघा छेदतात त्या ठिकाणाला 'आरंभबिंदू' म्हणतात आणि तिथून बिंदूंचे निर्देशक मोजायला सुरुवात होते. आरंभबिंदू फळ्याच्या मध्यावरच का घेतला, रेघा आडव्या-उभ्याच का, तिरक्या का नाहीत, असे सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच तर 'सोयीसाठी' या एका शब्दात उत्तर मिळते आणि तास पुढे सरकतो.

वर्गात एका शब्दात संपणारा हा प्रश्न धातूचे सुटे भाग बनवणाऱ्या यंत्रशाळेत रोज सकाळी नव्याने उभा राहतो. तिथे तो सोयीपुरता राहत नाही. शून्य चुकीच्या जागी मानले, तर महागडा जॉब भंगारात जातो किंवा फिरते टूल सरळ टेबलावर आदळते. तिरक्या पृष्ठभागावर काम करायचे असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो, कारण मग शून्याबरोबर अक्षांच्या दिशाही ठरवाव्या लागतात. संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या, म्हणजे सीएनसी यंत्रावर हे काम आज काही मिनिटांत होते. पण त्यामागची कल्पना सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वीची आहे. कागदावरची ही कल्पना यंत्रापर्यंत कशी पोचली, हे पाहू या.

देकार्तची एक रेघ, ऑयलरचे तीन कोन

निर्देशक भूमितीचे श्रेय आपण फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याला देतो. त्याचा भूमितीवरचा ग्रंथ १६३७ साली प्रसिद्ध झाला. गंमत अशी, की त्या ग्रंथात आज आपण काढतो तसे दोन लंब अक्ष ठरून दिलेले नाहीत. देकार्त समोरच्या आकृतीतली एखादी रेघ आधार म्हणून निवडतो आणि दुसरे अंतर त्या रेघेशी ठरावीक कोन करून मोजतो. तो कोन काटकोनच असला पाहिजे, असा त्याचा आग्रह नाही. कोणती रेघ निवडायची, हे प्रश्न पाहून ठरते. म्हणजे 'शून्य कुठे मानायचे' हे स्वातंत्र्य या विषयात जन्मापासून होते. लंब अक्षांची ठरलेली जोडी आणि ऋण बाजूचा पद्धतशीर वापर ही पुढच्या पिढ्यांनी घातलेली भर.

या स्वातंत्र्याला नियमांची शिस्त लावण्याचे मोठे काम लिओनार्ड ऑयलर याने केले. १७४८ साली त्याचा विश्लेषणाची ओळख करून देणारा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. दुसऱ्या खंडाच्या परिशिष्टात त्याने अवकाशातल्या पृष्ठभागांचा विचार केला आहे. गोल, शंकू, अन्वस्ताभ यांसारख्या पृष्ठभागांची समीकरणे अक्ष कसेही घेतले तर लांबलचक होतात. तोच पृष्ठभाग योग्य अक्षांवरून पाहिला तर बरीचशी पदे गळून पडतात आणि तो कोणत्या जातीचा आहे ते चटकन ओळखू येते. त्यासाठी ऑयलरने जुन्या अक्षांवरून नव्या अक्षांवर जाण्याची सूत्रे मांडली. आरंभबिंदू हलवायला तीन अंतरे लागतात आणि अक्षांची दिशा बदलायला तीन कोन. एकूण सहा संख्या दिल्या, की अवकाशातली कोणतीही नवी चौकट पक्की होते.

पुढे १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्याने दाखवले, की एक बिंदू स्थिर ठेवून घन वस्तू कशीही फिरवली, तरी तिची शेवटची स्थिती एकाच कुठल्यातरी अक्षाभोवती एकदाच फिरवूनही मिळवता येते. तोवर ऑयलरची दृष्टी जवळजवळ गेली होती. वस्तू समोर धरून पाहण्याची सोय नसताना केलेले हे काम आहे.

हे सारे गणित गणितज्ञांच्या आणि खगोलशास्त्रज्ञांच्या उपयोगाचे ठरले. कारागिराच्या हाती मात्र ते बराच काळ आले नाही.

तिरके काम, सरळ यंत्र

मिलिंग यंत्राची मूळ अडचण साधी आहे. त्याच्या सरकत्या पट्ट्या सरळ आणि एकमेकींना लंब असतात. टेबल डावी-उजवीकडे, पुढे-मागे सरकते आणि स्पिंडल वर-खाली होते. ड्रिल फक्त स्पिंडलच्या रेषेतच आत शिरू शकते. मग ३० अंश कललेल्या पृष्ठभागावर काटकोनात भोक पाडायचे कसे? उपाय दोनच. एकतर यंत्राचे डोके तिरके करायचे, नाहीतर जॉबच इतका तिरपा बांधायचा, की तिरका पृष्ठभाग स्पिंडलसमोर सपाट येईल.

यंत्रालाच वळण्याची सोय देण्याचा एक नामांकित प्रयत्न अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात झाला. तिथे यादवी युद्धाच्या काळात बंदुका बनत होत्या आणि त्यांच्या भागांना भोके पाडायला पिळाची ड्रिल लागत. त्या ड्रिलवरच्या पिळदार खाचा कामगार गोल कानशीने हातांनी घासून काढत. फ्रेडरिक हाव या अधिकाऱ्याने ही अडचण जोसेफ ब्राउन या यंत्रकाराकडे नेली आणि १८६२ साली ब्राउनचे 'युनिव्हर्सल' मिलिंग यंत्र तयार झाले. त्याचे टेबल कोनात वळवता येई आणि टेबल सरकत असताना जॉबही आपल्या अक्षाभोवती फिरत राही. सरळ चालणाऱ्या यंत्राला पिळदार खाच काढता आली.

तरीही नेमका कोन साधणे हे कौशल्याचेच काम राहिले. त्यासाठी विसाव्या शतकात साइन बार घरोघर, म्हणजे यंत्रशाळोयंत्रशाळी, पोचला. त्रिकोणमिती शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे साधन एकदा तरी हातात घ्यावे. दोन सारख्या रुळांवर बसवलेली ही एक सपाट पट्टी असते. दोन रुळांच्या मध्यांमधले अंतर अगदी नेमके, समजा २०० मि.मी., असते. एका रुळाखाली स्लिप गेजची चवड ठेवली, की पट्टी कलते आणि चवडीची उंची भागिले २०० ही त्या कोनाची ज्या, म्हणजे साइन. ३० अंशांसाठी १०० मि.मी. चवड लागते, १७ अंशांसाठी ५८.४७४ मि.मी. कोनमापकाने कोन मोजण्यापेक्षा लांबी मोजून कोन साधणे कितीतरी अचूक असते, हे यामागचे तत्त्व.

इतकी अचूकता कशाला, असे कोणी विचारील. एक अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. सेटिंगमध्ये एवढीच चूक झाली तरी १०० मि.मी. लांबीच्या टोकाला पृष्ठभाग ०.०२९ मि.मी. वरखाली होतो. ड्रॉइंगमध्ये ०.०२ मि.मी.ची मुभा असेल तर जॉब नापास.

पृष्ठभाग दोन दिशांनी कललेला असेल तर कारागिराची खरी परीक्षा होई. समजा, ड्रॉइंगमध्ये समोरून पाहता कल ३० अंश दिसतो आणि बाजूने पाहता २० अंश. जॉब आधी एका अक्षाभोवती ३० अंश फिरवला आणि मग दुसऱ्या अक्षाभोवती २० अंश, तर काम साधले असे वाटते. प्रत्यक्षात दुसऱ्या वेळी २० नव्हे, सुमारे १७.५ अंशच फिरवावे लागते. पहिल्या फिरवण्याने दुसरा कोनही बदलतो. (२० च्या टॅनला ३० च्या कोसाइनने गुणून पाहा.) जुने सेटर अशा कोष्टकांच्या वह्या जपून ठेवत. ऑयलरचे गणित त्या वह्यांमध्ये होते, पण त्याच्या नावाशिवाय.

आकडे यंत्राकडे निघाले

दुसरे महायुद्ध संपल्यावर मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी गावात जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होते. पात्याच्या छेदाचा आकार तपासण्यासाठी पत्र्याचे साचे लागत. ड्रॉइंगमध्ये वक्राचे मोजकेच बिंदू दिलेले असत. मधला वक्र कारागिराने अंदाजाने जोडायचा. पार्सन्स यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी भोकपत्त्यांवर चालणारी आयबीएमची गणनयंत्रे वापरून असे सुमारे दोनशे बिंदू काढून दिले. मग एक जण आकडे मोठ्याने वाची, बाकीचे दोघे एकेका अक्षाची मूठ फिरवून टेबल त्या जागी नेत. इतक्या जवळजवळच्या बिंदूंवर कापले, की उरलेले उंचवटे कानशीने सहज निघत.

माणसाने आकडे वाचून मुठी फिरवायच्या, तर यंत्रानेच ते आकडे का वाचू नयेत? या विचारातून १९४९ साली अमेरिकी हवाई दलाचे कंत्राट आले. काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेकडे गेले आणि सप्टेंबर १९५२ मध्ये भोके पाडलेल्या फितीवरून आकडे घेऊन तीन अक्षांत चालणारे मिलिंग यंत्र तिथे जगाला दाखवण्यात आले.

त्याच सुमारास दुसरीही एक वाट होती. कुशल कारागिराने एक जॉब हाताने करायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या आणि पुढचे जॉब त्या फितीवरून काढायचे. जनरल इलेक्ट्रिकने अशी यंत्रे करून पाहिली होती. ही वाट मागे का पडली, यावर इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर लिहिले आहे. निव्वळ तांत्रिक कारणांपेक्षा, कामाचे ज्ञान कारागिराच्या हातून व्यवस्थापनाच्या टेबलावर नेण्याची इच्छा त्यामागे होती, असे त्यांचे म्हणणे. सगळ्यांना ते पटलेले नाही. विमानाच्या भागांचे गुंतागुंतीचे वक्र हाताने एकदाही काढता येत नसत, हेही खरे आहे. पण 'शून्य कुठे मानायचे हे कोणी ठरवायचे' हा प्रश्न तेव्हापासून गणितापुरता राहिला नाही.

जॉबची चौकट आणि यंत्राची चौकट

आकड्यांवर चालणाऱ्या यंत्राला स्वतःचे एक पक्के शून्य असते. ते यंत्र बनवणाऱ्याने ठरवलेले असते. पण ड्रॉइंग काढणाऱ्याला त्या शून्याशी काही देणेघेणे नसते. तो मापे जॉबच्या एखाद्या कोपऱ्यापासून किंवा मध्यापासून देतो. या दोन चौकटींची सांगड घालणे हे सेटिंगचे सार आहे.

एमआयटीतच डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली 'एपीटी' ही संगणकभाषा तयार झाली. फेब्रुवारी १९५९ मध्ये ती जाहीर करताना पत्रकारांना या भाषेच्या मदतीने कापलेली अ‍ॅल्युमिनियमची रक्षापात्रे भेट दिली होती. या भाषेत भागाचे वर्णन भागाच्याच चौकटीत करायचे. यंत्राच्या चौकटीत ते नेण्याचे काम शेवटी दुसरा प्रोग्रॅम करी. पुढे या भाषेत 'ट्राकट' नावाची आज्ञा रुळली. एका चौकटीत काढलेला टूलचा मार्ग सारणीच्या, म्हणजे मॅट्रिक्सच्या, साह्याने फिरवून-सरकवून दुसरीकडे नेणे हे तिचे काम. ऑयलरची सूत्रे अशा रीतीने कारखान्याच्या दारात पोचली.

दाराच्या आत मात्र अजून आली नव्हती. हे गणित दूरच्या मोठ्या संगणकावर होई आणि यंत्राला फक्त तयार आकड्यांची फीत मिळे. फिरत्या टेबलावर बांधलेला जॉब ठरल्या जागेपासून दोन मि.मी. बाजूला बसला, तर टेबल कलल्यावर तो नेमका कुठे जाईल याचे सारे आकडे बदलत. फीत पुन्हा काढावी लागे. ही अडचण सुटली ती सूक्ष्मप्रक्रियकामुळे. १९७० च्या दशकापासून संगणक यंत्राच्या शेजारच्या पेटीत येऊन बसला आणि चौकट बदलण्याचे गणित यंत्र स्वतःच, जागच्या जागी करू लागले.

आज तिरका पृष्ठभाग कसा बांधतात

आजची रीत पायरीपायरीने पाहू. पहिली पायरी 'जॉब झिरो' घेण्याची. ऑपरेटर एज फाइंडर किंवा प्रोब जॉबच्या कडांना टेकवतो आणि यंत्राच्या शून्यापासून जॉबचे शून्य किती अंतरावर आहे ते नोंदवतो. ही नोंद जी ५४ ते जी ५९ या सहा कप्प्यांपैकी एकात राहते. इथे फक्त आरंभबिंदू हलला. अक्षांच्या दिशा यंत्राच्याच राहिल्या.

दुसरी पायरी टूल-प्रतलाची. तिरक्या पृष्ठभागावर नवा आरंभबिंदू घ्यायचा, पृष्ठभागाला लंब असलेली बाहेरची दिशा म्हणजे नवा झेड-अक्ष मानायचा आणि पृष्ठभागात एक्स-अक्षाची दिशा ठरवायची. यंत्र मग आपले दोन फिरते अक्ष वळवून स्पिंडल आणि नवा झेड-अक्ष एका रेषेत आणते. ते अक्ष तिथेच जखडून बाकीचे तीन सरळ अक्ष काम करतात. म्हणून या कामाला 'तीन अधिक दोन' असे म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. जॉबच्या चौकटीत एक्स ४०, वाय ०, झेड ६० इथून ३० अंशांचा उतार सुरू होतो. उतारावरून २० मि.मी. खाली, उताराला काटकोनात १० मि.मी. खोल भोक हवे आहे. जुन्या चौकटीत भोकाचे तोंड एक्स ५७.३२, झेड ५० इथे येते आणि तळ एक्स ५२.३२, झेड ४१.३४ इथे. हे आकडे पाहून भोक काटकोनात आहे की नाही, ते कोणालाही सांगता यायचे नाही. नव्या चौकटीत तेच भोक एक्स २० वर आहे आणि झेड ० पासून उणे १० पर्यंत जाते. आकडे पाहूनच चूक कळेल, इतके ते स्वच्छ आहेत. ऑयलरने पृष्ठभागाचे समीकरण सोपे केले होते ते याच युक्तीने.

ही चौकट यंत्राला सांगण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. हायडेनहाइनच्या नियंत्रकांत 'प्लेन' आज्ञा आहे, सीमेन्सच्या नियंत्रकांत 'सायकल ८००'. फानुकच्या नियंत्रकांत जी ६८.२ ही आज्ञा आहे आणि तिच्यात आरंभबिंदूच्या तीन अंतरांबरोबर आय, जे, के ही तीन अक्षरे येतात. ते तीन कोन म्हणजे ऑयलरचेच कोन: आधी झेडभोवती, मग नव्या एक्सभोवती, मग पुन्हा नव्या झेडभोवती फिरणे. आपल्या उदाहरणात ते ९०, ३० आणि उणे ९० होतात.

आता शेवटचा उणे ९० लिहायचा राहिला असे समजा. पृष्ठभाग स्पिंडलसमोर तसाच, अगदी सपाट येईल. डायल लावून पाहिली तरी काटा हलणार नाही. पण नवा एक्स-अक्ष उतारावरून खाली जाण्याऐवजी उताराच्या वरच्या कडेला समांतर झालेला असेल आणि भोक त्या कडेवर पडेल. प्रतलाची लंब दिशा दोन कोनांनी ठरते. प्रतल स्वतःच्या लंबाभोवती किती वळले आहे, हे तिसराच कोन सांगतो. 'प्रतल ठरले' आणि 'चौकट ठरली' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इतक्या स्पष्टपणे शिकवणारे उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

दुसरी सावधगिरी क्रमाची. आधी सरकवून मग फिरवले तर आपला आरंभबिंदू एक्स ४०, झेड ६० वर राहतो. आधी फिरवून मग नव्या अक्षांवर तेच ४० आणि ६० मोजले, तर तो एक्स ६४.६४, झेड ३१.९६ वर जाऊन बसतो. दोन जागांमध्ये ३७ मि.मी.हून अधिक फरक. म्हणून अनुभवी ऑपरेटर नव्या चौकटीत पहिला जॉब घेताना टूल पृष्ठभागापासून हातभर दूर ठेवतो, वेग कमी करतो आणि झेड खरोखर बाहेरच्या दिशेलाच धन आहे ना, हे डोळ्यांनी पाहतो. पडद्यावर सगळे बरोबर दिसत असले तरी ही पायरी तो गाळत नाही.

फळ्याकडे परत

भोसरी, सातपूर, वाळूज यांसारख्या औद्योगिक वसाहतींमध्ये सीएनसी यंत्रे आता नवलाची राहिलेली नाहीत. आपल्या वर्गातली काही मुले दहावीनंतर आयटीआयमार्गे तिथेच जातात. तिथे बटण दाबणारा आणि शून्य ठरवणारा अशी दोन प्रकारची माणसे असतात. दोघांच्या पगारात आणि मानात पडणारे अंतर बरेचदा याच एका कल्पनेच्या समजुतीचे असते. ही समज वर्गात द्यायला यंत्राची गरज नाही.

एक जाड पुस्तक घ्या. ते टेबलाच्या लांब कडेभोवती ९० अंश फिरवा आणि मग उभ्या अक्षाभोवती ९० अंश. तेच दुसऱ्या पुस्तकावर उलट क्रमाने करा. दोन पुस्तके वेगवेगळी निजलेली दिसतील. मग वही एका बाजूने उचलून उतार करा आणि तिच्यावर ठिपका द्या. अर्ध्या वर्गाला त्या ठिपक्याचे निर्देशक टेबलाच्या कोपऱ्यापासून काढू द्या, उरलेल्यांना वहीच्या कोपऱ्यापासून. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत हे मुलांना पटले, की एका उत्तरावरून दुसरे कसे काढायचे, हा प्रश्न त्यांच्याकडूनच येईल. त्यासाठी लागणाऱ्या ज्या आणि कोज्या त्यांना शाळेत भेटणारच आहेत.

आणि पुढच्या वेळी फळ्यावर अक्ष काढण्यापूर्वी एकदा मुलांनाच विचारा, आज शून्य कुठे मानू या?